बाबांचं पूर्ण जठर काढणार आहेत. घरी आल्यावर साखर कशी सांभाळायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्या बाबांना (वय 66, चौदा वर्षांपासून डायबेटीस, रात्री इन्सुलिन) जठराच्या वरच्या भागात कॅन्सर निघाला. केमोचे 4 डोस झाले. पुढच्या गुरुवारी पूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडणार आहेत.

डॉक्टरांनी धोके नीट बसवून सांगितले. जास्त काळजी त्या जोडाची. तो भरला नाही तर पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत गळती होऊ शकते. ताप, नाडी जलद होणं, ड्रेनमधून (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) गढूळ पाणी येणं, यावर ते लक्ष ठेवतील. कधी स्टेंटवर (आतून बसवायची जाळीची नळी) भागतं, कधी पुन्हा पोट उघडावं लागतं. केमोत बाबांचं वजन 9 किलो उतरलंय, अल्ब्युमिनही (रक्तातलं प्रोटीन) कमी आहे, म्हणून आई दिवसभर अंडी, पनीर, मुगाचं कढण यांच्या मागे आहे. छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ नये म्हणून श्वास ओढून बॉल वर उचलायचं तीन बॉलचं स्पायरोमीटर दिलंय. काल पहिल्यांदा तिसरा बॉल हलला, बाबांनी मला हाक मारून दाखवला.

माझा प्रश्न घरी आल्यानंतरचा आहे. जठर नसलं की गोड किंवा पातळ पदार्थ थेट आतड्यात उतरतात. अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, जुलाब. आणि कधी एक ते तीन तासांनी साखर झपकन खाली. याला डम्पिंग म्हणतात. आजवर साखर उतरली की आम्ही ग्लुकोजचं पाणी द्यायचो. आता तेच पाणी पुन्हा डम्पिंग सुरू करेल का? साखर 70 च्या खाली आली तर तुमच्या घरी नेमकं काय आणि किती देता? इन्सुलिनचा डोस किती दिवसांनी बदलला? रात्री उठून साखर तपासता का?

दिवसातून सहा-आठ वेळा थोडं थोडं खायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही, बी-12 चं इंजेक्शन जन्मभर, हे माहीत आहे. पण दोन भाकरी एका बैठकीत खाणारा माणूस अर्ध्या भाकरीवर कसा रुळतो, तेही कुणी सांगा.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांची एक भेट बाकी आहे, सोमवारी. तिथे विचारायचे प्रश्न सुचवलेत तरी फार मदत होईल. आम्ही दोघं भावंडं दिवसभर कामावर, घरी आई एकटीच असेल. तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत कागद लिहून फ्रिजवर लावायचा आहे.