आत्याची बीआरसीए टेस्ट पॉझिटिव्ह, बाबा टेस्टला तयार नाहीत. मी परस्पर करून घेऊ का?

माझ्या सख्ख्या आत्याला (वय ५८) गेल्या वर्षी ओव्हरीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता ओलापॅरिबच्या गोळ्या चालू आहेत. त्या सुरू करण्याआधी तिची जीन टेस्ट केली, त्यात बीआरसीए२ या जीनमध्ये म्युटेशन (बिघाड) सापडलं. रिपोर्टवर 'पॅथोजेनिक', म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणारं, असं स्वच्छ लिहिलंय. भावंडांना आणि त्यांच्या मुलांना कळवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्याने फोन केला तो मला, बाबांना नाही. ओळखून आहे ती त्यांना.

बाबा ६४ वर्षांचे. म्हणतात, "आमच्यात कुणाला कॅन्सर नव्हता, हे तिच्या सासरचं पाणी." आजी पोटात पाणी होऊन गेली हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा गावाकडे कोण बायोप्सी करणार होतं! वर आणखी, "बायकांचा आजार, माझी कसली टेस्ट?" बीआरसीए२ मुळे पुरुषांना प्रोस्टेटचा धोका वाढतो, क्वचित स्तनाचाही कॅन्सर होतो, हे सांगून थकले. रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात, ते मात्र "वय झालं".

खरं कारण वेगळंच आहे. भावाची (२९) स्थळं बघतायत. "त्याचं लग्न होऊ दे, मग काय ते करा."

आता माझी अडचण. बाबांकडे ते म्युटेशन असण्याची शक्यता ५० टक्के, त्यांच्याकडून माझ्याकडे येण्याची पुन्हा निम्मी. त्यांची निगेटिव्ह आली तर आम्हा दोघा भावंडांचा विषयच मिटतो. ते करत नसतील तर मी थेट माझी करू शकते. निगेटिव्ह आली तर मी सुटले, पण बाबांचं आणि भावाचं काहीच कळलं नाही. पॉझिटिव्ह आली तर बाबांची न करताच झाली! ज्यांना जाणून घ्यायचंच नाही त्यांना मी माझ्या रिपोर्टने सांगून टाकणार. लपवून तरी किती लपवणार? उद्या ओव्हरी काढायची वेळ आली तर ऑपरेशन आईपासून लपतं का?

मी ३६, मुलगी ८ वर्षांची. बीआरसीए२ असेल तर ८० व्या वर्षापर्यंत ब्रेस्ट कॅन्सरचा धोका ७० टक्क्यांच्या आसपास आणि ओव्हरीचा साधारण १७ टक्के, हे वाचल्यापासून गप्प बसवत नाही.

आईवडिलांना वगळून कुणी टेस्ट केली आहे का? मुलीचीही करावी का? भावाला कधी सांगू? (काढे आणि 'सकारात्मक राहा' हे सल्ले कृपया नकोत.)

प्रतिसाद १
परस्पर लॅबमध्ये जाऊ नका, आधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा. टाटा हॉस्पिटलचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे, त्यांच्या खारघरच्या केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये चौकशी करा. आत्याच्या रिपोर्टची पूर्ण झेरॉक्स न्या, नुसता मोबाइलवर काढलेला पहिल्या पानाचा फोटो नको. घरातलं म्युटेशन माहीत असलं की तेवढंच तपासता येतं, अनेक जीन्सच्या अख्ख्या पॅनलपेक्षा ते स्वस्त पडतं. मुलीची आत्ता अजिबात नको. हे कॅन्सर मोठेपणीचे. सज्ञान झाली की तिचं ती ठरवेल. तुमची पॉझिटिव्ह आली तरी लगेच ऑपरेशन नसतं. दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि मॅमोग्राम सुरू करतात, ओव्हरी आणि नळ्या काढण्याचा विचार बीआरसीए२ मध्ये साधारण चाळिशी ते पंचेचाळिशीत.

प्रतिसाद २
बाबांच्या मागे जीन टेस्टचं टुमणं सध्या लावू नका. चार वेळा उठतात ना? त्यासाठी युरॉलॉजिस्टकडे न्या आणि आत्याचं सांगून पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) करून घ्या. त्याला म्युटेशनचा रिपोर्ट लागत नाही. आणि तुमच्या शरीराची टेस्ट करायला बाबांची परवानगी कशाला? फक्त पॉझिटिव्ह आली तर घरात काय बोलायचं, ते सॅम्पल देण्याआधी ठरवा.

धागाकर्ती
पीएसएचं सुचलंच नव्हतं. न्यायला हरकत नाही, लघवीच्या त्रासासाठी येतील ते. आत्याकडून झेरॉक्स मागवली आहे. भावाचं मात्र राहिलंच. पुढच्या रविवारी एका स्थळाकडची मंडळी येणार आहेत. त्याआधी सांगू की नंतर?