मार्विन हॅरिसन ज्युनियर: डायनॅस्टी लीगमध्ये राखावा की आत्ताच द्यावा?

सोनोरन (धागाकर्ती), जुलै २०२५

आमची अमेरिकन फुटबॉलची बारा संघांची फँटसी लीग आहे, म्हणजे एनएफएलमधल्या खऱ्या खेळाडूंचे आपण कागदी संघ बनवतो आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीवर गुण मिळवतो. लीग डायनॅस्टी प्रकारची आहे, म्हणजे हंगाम संपला तरी खेळाडू परत जात नाहीत, वर्षानुवर्षे आपल्याच संघात राहतात. त्यात मला असा प्रस्ताव आला आहे: ॲरिझोना कार्डिनल्सचा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) मार्विन हॅरिसन ज्युनियर मी द्यायचा आणि त्याच्या बदल्यात लॉस एंजेलिस चार्जर्सचा रिसीव्हर लॅड मकॉन्की व २०२६ च्या नवोदितांच्या ड्राफ्टमधील दुसऱ्या फेरीची एक निवड घ्यायची. गुणपद्धत पूर्ण पीपीआर आहे, म्हणजे प्रत्येक झेलाला १ गुण, दर १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याला) ६ गुण. हा प्रस्ताव नाकारावा असे माझे मत आहे.

एनएफएलच्या २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, हॅरिसन चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, आणि त्या तुकडीतला तो पहिला रिसीव्हर होता. ओहायो स्टेट विद्यापीठाकडून सलग दोन हंगाम त्याने बाराशेहून अधिक यार्ड आणि प्रत्येकी १४ टचडाउन केले, तेही दोन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकबरोबर (पास टाकणाऱ्या खेळाडूंबरोबर). उंची सव्वासहा फूट. वय येत्या ११ ऑगस्टला २३ पूर्ण होईल. पहिल्या हंगामात त्याने ६२ झेल, ८८५ यार्ड आणि ८ टचडाउन अशी कामगिरी केली, म्हणजे आमच्या पद्धतीने सुमारे १९८ गुण झाले. लोक निराश झाले आहेत ते या आकड्यांपेक्षा आपल्याच अपेक्षांमुळे, असे मला वाटते.

त्याच्या वडिलांचे उदाहरण येथे भावनेपोटी देत नाही, आकड्यांसाठी देते. थोरल्या मार्विन हॅरिसनने १९९६ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सकडून पहिल्या हंगामात ६४ झेल, ८३६ यार्ड आणि ८ टचडाउन केले होते. पुढची दोन वर्षे तो नऊशे यार्डांच्याही आतच राहिला. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग १९९८ मध्ये आला आणि १९९९ मध्ये याच खेळाडूने ११५ झेल, १६६३ यार्ड व १२ टचडाउन केले. त्यानंतर २००६ पर्यंत एकदाही तो अकराशे यार्ड आणि दहा टचडाउनच्या खाली आला नाही. १९९८ च्या हंगामानंतर ज्याने त्याला स्वस्तात देऊन टाकले असेल, त्याने आठ वर्षांचे पीक दुसऱ्याच्या कोठारात घातले.

आकडेमोड (धाग्यावरील सदस्य)

वडिलांचे आकडे योगायोग म्हणून रंजक आहेत, पण पुरावा म्हणून ते उभे राहत नाहीत. त्या काळी रिसीव्हरला रुळायला दोन-तीन वर्षे लागतात असे मानले जाई आणि बहुतेकांना लागतही. आज चित्र पार बदलले आहे. जस्टिन जेफरसनने २०२० मध्ये पहिल्याच वर्षी १४०० यार्ड केले, जमार चेसने २०२१ मध्ये १४५५. हॅरिसनच्याच तुकडीतल्या मलिक नेबर्सने १२०४ आणि ब्रायन थॉमस ज्युनियरने १२८२ यार्ड केले. थॉमस तर तेविसाव्या क्रमांकावर निवडला गेला होता. तेव्हा वेळ लागतो हे विधान आजच्या पिढीला सरसकट लावता येत नाही.

आता प्रस्तावातल्याच दोघांकडे पाहा. हॅरिसनच्या दिशेने गेल्या हंगामात ११६ पास टाकले गेले, मकॉन्कीच्या दिशेने ११२. चार पास कमी मिळूनही मकॉन्कीने ८२ झेल, ११४९ यार्ड आणि ७ टचडाउन केले, म्हणजे जवळजवळ २३९ गुण. एका टार्गेटमागे, म्हणजे त्याच्या दिशेने टाकलेल्या एका पासमागे, त्याला दहाहून अधिक यार्ड मिळाले, हॅरिसनला साडेसातच्या आसपास. शिवाय ह्यूस्टनविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात त्याने ९ झेलांत १९७ यार्ड केले, तो वेगळाच. वयात फरक जेमतेम नऊ महिन्यांचा. एवढे असताना जास्त गुण देणारा खेळाडू आणि वर एक निवड मिळत असेल, तर नाकारण्याचे कारण एकच उरते, ते म्हणजे ड्राफ्टमधला क्रमांक. तो क्रमांक एका संघाचे वर्षापूर्वीचे मत आहे. मैदानावरचा पुरावा आल्यानंतर त्या मताचे वजन कमी व्हायला हवे.

सोनोरन

कमी व्हायला हवे हे मान्य, पण एका हंगामात ते शून्यावर येऊ नये.

टार्गेटमागचे यार्ड हे माप घेतले तर नेबर्सचे काय करायचे? त्याच्याकडे १७० पास गेले आणि यार्ड झाले १२०४, म्हणजे टार्गेटमागे सातपेक्षा थोडे अधिक. या मापाने हॅरिसन नेबर्सच्या वर बसतो, तरी दोघांची अदलाबदल करायला लीगमध्ये कोणी तयार होणार नाही. मकॉन्की बहुतेक वेळा स्लॉटमधून, म्हणजे आतल्या बाजूने धावतो, जिथे बचावपटू त्याला सुरुवातीलाच अडवू शकत नाही आणि पासही जवळचा असतो. हॅरिसनला गेल्या वर्षी वारंवार बाजूच्या रेषेलगत सरळ खोल धावायला लावले. तिथे झेलांचे प्रमाण घसरणारच. दोघांची कामे इतकी भिन्न असताना एकाच रकान्यात बेरीज मांडली, तर खेळाडूपेक्षा प्रशिक्षकाच्या योजनेचेच मोजमाप होते.

ही योजना बदलू शकते याची खूण दुसऱ्या आठवड्यातच दिसली होती. पहिल्या सामन्यात बफेलोविरुद्ध त्याचा एकच झेल होता, ४ यार्डांचा. पुढच्याच रविवारी लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध एकट्या पहिल्या क्वार्टरमध्ये त्याने ४ झेल, १३० यार्ड आणि २ टचडाउन केले. त्यातला दुसरा टचडाउन ६० यार्डांचा होता.

ड्रेक लंडनचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. अटलांटा फॅल्कन्सने त्याला २०२२ मध्ये आठव्या क्रमांकावर घेतले. पहिली दोन वर्षे ८६६ आणि ९०५ यार्ड झाले आणि लोकांनी त्याला जवळपास सोडून दिले. २०२४ मध्ये कर्क कझिन्स क्वार्टरबॅक म्हणून आल्यावर १०० झेल, १२७१ यार्ड, ९ टचडाउन.

आकडेमोड

लंडनचे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. २०२२ मध्ये फॅल्कन्सने सबंध हंगामात केवळ ४१५ पास टाकले आणि त्यांतले ११७ लंडनच्या दिशेने गेले, म्हणजे चारातला एकाहून अधिक. गेल्या वर्षी कार्डिनल्सचा क्वार्टरबॅक कायलर मरी याने एकट्याने ५४१ पास टाकले, पैकी हॅरिसनच्या वाट्याला ११६, म्हणजे पाचातला एक. टार्गेटची संख्या सारखीच, पण लंडन आपल्या संघाच्या पासचा केंद्रबिंदू होता आणि त्याला केवळ पासच कमी मिळत होते. हॅरिसनच्या संघात पास भरपूर होते, आणि ते टाइट एंड (अडवणे आणि झेल घेणे ही दोन्ही कामे करणारा खेळाडू) ट्रे मॅकब्राइडकडे गेले: १४७ टार्गेट, १११ झेल. लंडनची अडचण बाहेरची होती, म्हणून क्वार्टरबॅक बदलताच ती सुटली. हॅरिसनच्या बाबतीत दुसराच खेळाडू जास्त वेळा मोकळा सापडतो आहे. त्या मॅकब्राइडचा करार कार्डिनल्सने याच एप्रिलमध्ये चार वर्षांनी वाढवला, आणि मरीचा करार २०२८ पर्यंत आहे. मग परिस्थिती बदलेल ही आशा कशाच्या आधारावर?

तिसरा_डाउन

मरीमुळे मोठा रिसीव्हर घडू शकत नाही, असा जो सूर लागला आहे त्याला माझा आक्षेप आहे. २०२० मध्ये याच मरीबरोबर डिआंद्रे हॉपकिन्सने ११५ झेल आणि १४०७ यार्ड केले होते. हॉपकिन्सचा स्वतःचा पहिला हंगामही ८०२ यार्ड आणि २ टचडाउनचाच होता, हेही लक्षात असावे. मात्र हॉपकिन्स ॲरिझोनात आला तेव्हा तयार खेळाडू होता. खांद्यावर बचावपटू असतानाही चेंडू आपलाच आहे या खात्रीने तो उडी घेत असे आणि मरीही त्याच खात्रीने पास टाकत असे. हॅरिसन आणि मरी यांच्यात ती खात्री गेल्या वर्षी दिसली नाही. कित्येकदा चेंडू एका ठिकाणी आणि रिसीव्हर दुसऱ्याच ठिकाणी वळलेला, हे ज्यांनी सामने पाहिले त्यांना आठवत असेल. हा दोष सरावाने जाणारा आहे, मॅकब्राइड संघात असला तरी.

पश्चिमरंग

खेळाडू कसा आहे यावर सगळे बोलत आहेत, भावावर कोणी बोलत नाही. वर्षापूर्वी हॅरिसन बहुतेक लीगमध्ये नवोदितांत सर्वांत आधी उचलला जात होता आणि त्याच्या बदल्यात सिद्ध झालेला मोठा रिसीव्हर मिळत होता. आज तो मकॉन्कीच्या बरोबरीला आला आहे. आणखी एक हंगाम नऊशे यार्डांचा गेला तर हा भाव आणखी खाली येईल, आणि तेव्हा त्याचे नाव व आडनाव यांचा उपयोग होणार नाही. जेरी ज्यूडीचे हेच झाले. २०२० चा पंधरावा क्रमांक, पहिल्या वर्षी ८५६ यार्ड, मग वाट पाहणे. अखेर २०२४ मध्ये क्लीव्हलँडला जाऊन त्याने १२२९ यार्ड केले तेव्हा ज्यांनी सुरुवातीला त्याच्यासाठी मोठी किंमत मोजली होती त्यांच्याकडे तो क्वचितच उरला होता. प्रतिभा खरी ठरली, पण तिचा लाभ दुसऱ्यालाच मिळाला. म्हणून मी हा व्यवहार करेन.

सोनोरन

लंडनच्या टार्गेटच्या वाट्याचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत भक्कम आहे आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. सिएटलचा जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा २०२३ मध्ये मेटकाफ आणि लॉकेट या आधीच्या रिसीव्हरांच्या सावलीत होता आणि त्याचे फक्त ६२८ यार्ड झाले. २०२४ मध्ये ते दोघेही संघात असताना त्याने १०० झेल आणि ११३० यार्ड केले. म्हणजे आधीचे वाटेकरी असतानाही दुसऱ्या वर्षी वाटा वाढवता येतो. मात्र सिएटलने त्याला स्लॉटमध्ये खेळवले आणि जवळचे पास दिले, हे उरलेले अर्धे ॲरिझोनाच्या हातात आहे.

भावाच्या बाबतीत पश्चिमरंग यांच्याशी मी असहमत आहे, कारण धोका दोन्ही बाजूंना सारखा नाही. मकॉन्कीचा भाव आज त्याच्या चांगल्या हंगामावर ठरला आहे. चार्जर्सने या वर्षी दुसऱ्या फेरीत ट्रे हॅरिस हा रिसीव्हर घेतला आहे आणि त्यांचे प्रशिक्षक जिम हारबॉ यांचा कल पळून चेंडू नेण्याकडे असतो. मकॉन्की ११५० यार्डांवर राहील असे मला वाटते, पण १५०० वर जाईल असे नाही. हॅरिसन तिथवर जाऊ शकतो. माझा संघ यंदा जेतेपदाच्या जवळपासही नाही, तेव्हा येत्या डिसेंबरात मिळणाऱ्या चाळीस गुणांचा मला उपयोग नाही. पहिल्या दोनांत येऊ शकणाऱ्या संघाने हा व्यवहार डोळे झाकून करावा, हे मीही म्हणेन.

समोरच्याला उलट प्रस्ताव पाठवते आहे: मकॉन्कीसोबत दुसऱ्या फेरीऐवजी पहिल्या फेरीची निवड. ती मिळाली नाही तर हॅरिसन माझ्याकडे राहील, आणि पहिल्या चार सामन्यांत तो किती वेळा स्लॉटमध्ये उभा राहतो व दहा यार्डांच्या आतले किती पास त्याला मिळतात, हे मी नोंदवून ठेवेन.

आकडेमोड

तुमचा संघ पुनर्बांधणीत आहे हे आधी लिहिले असते तर माझा विरोध सौम्य झाला असता, कारण त्या स्थितीत थांबण्याची किंमत खरोखर कमी असते. तरीही मकॉन्की देणारा पहिल्या फेरीची निवड देणार नाही. २०२७ च्या दुसऱ्या फेरीची निवड जोडून मागा, ती बहुधा मिळेल. आणि नोंदी ठेवणार असाल तर त्याच चार सामन्यांत मॅकब्राइडला किती पास जातात हेही शेजारच्या रकान्यात लिहा.