मदत हवी आहे: मामांचा एलडीएच ६१२ आलाय

गंगापूररोडवाला: कोणी पटकन सांगेल का? मामांचा एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) ६१२ आलाय, गेल्या महिन्यात २३० होता. डॉक्टर थेट सोमवारी भेटणार. घरात कोणाला जेवण जात नाहीये. वाढला म्हणजे आजार पसरला का? हो की नाही, एवढंच सांगा.

सिडकोकर: अहो, कसला आजार? लॅबची नॉर्मल रेंज काय? औषध काय चालू आहे?

गंगापूररोडवाला: मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, चौथी स्टेज. लिहिलं नव्हतं का? टाचेवर काळा डाग होता, वर्षभर कुरूप समजून ब्लेडने तासत बसले. फुप्फुसात गाठी आहेत. इम्युनोथेरपीचे (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) तीन डोस झालेत.

गव्हांकुर_काका: उपाशीपोटी गव्हांकुराचा रस द्या. आमच्या साडूंचे कॅन्सर मार्कर महिन्यात उतरले.

पंचवटीकर: साडूंना काय झालं होतं?

गव्हांकुर_काका: प्रोस्टेट. ऑपरेशन केलं होतं.

पंचवटीकर: मग रसाने उतरले की ऑपरेशनने? उगाच काहीतरी.

नाशिकरोड_७७: सीईए, सीए-१२५ या कॅन्सर मार्करांच्या रक्तचाचण्या असलेलं पॅकेज करून घ्या, एकदाच काय ते कळेल.

लॅबवाली_ताई: मेलानोमात त्यांचा उपयोग नाही, आणि सीए-१२५ मुख्यतः अंडाशयासाठी बघतात. मामांना कशाला? इथे एलडीएचच बघतात, काही ठिकाणी एस-१००बी हे प्रथिन. एलडीएच वाढला असेल तर चौथ्या स्टेजमधल्या ‘एम’ या पसरण्याच्या वर्गापुढे कंसात १ लागतो, नसेल तर ०. म्हणजे महत्त्वाचा आहेच. पण तो लाल पेशींतही भरपूर असतो. सुई नीट लागली नाही, ट्यूब जोरात हलली की पेशी फुटतात आणि आकडा फुगतो. इम्युनोथेरपीने यकृताला सूज आली तरी वाढतो. रेंज सांगा, पोटॅशियमही बघा.

गंगापूररोडवाला: बायोप्सीत एस-१०० पॉझिटिव्ह होतं, तेच ना हे?

लॅबवाली_ताई: नाही. ते गाठीच्या तुकड्यावरचं रंगकाम, हे रक्तातलं प्रमाण. रेंज?

सिडकोकर: मी तर म्हणतो मुंबईला टाटा हॉस्पिटललाच न्या. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, दादरला उतरा, परळ जवळच.

नाशिकरोड_७७: पेशंटला रेल्वेने? गाडी करा.

सिडकोकर: कसारा घाटात अडकलात की कळेल.

गंगापूररोडवाला: घाट राहू द्या हो! रेंज १४० ते २८०. पोटॅशियम ५.९. खाली बारीक अक्षरात ‘नमुना हिमोलाइज्ड’ असं छापलंय. घरी येऊन पोराने तीनदा टोचलं होतं, मामांच्या शिरा सापडतच नाहीत.

लॅबवाली_ताई: हिमोलाइज्ड म्हणजे पेशी फुटलेल्या. या ६१२ वरून ‘हो’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही म्हणता येत नाही. पोटॅशियमही त्यानेच वाढलेलं असू शकतं, पण खरंच ५.९ असेल तर हृदयाला धोका. त्यामुळे सोमवारची वाट बघू नका, आत्ता डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करा. दोन्ही परत तपासा, सोबत यकृताच्या चाचण्या. मामांना लॅबमध्येच न्या. पसरलंय का, ते स्कॅनवर कळेल.

गंगापूररोडवाला: फोन केला. लगेच घेऊन या म्हणाले. निघतोय.

गव्हांकुर_काका: रस तरी सुरू करा.