छपरा-सिवानकडच्या आजींना औषध भोजपुरीत कसं समजवावं?

निळीशाई: औषधांच्या दुकानात येणारी बरीच मंडळी बिहारमधल्या छपरा, सिवान, गोपालगंजची. पुरुषांना हिंदी येते, पण म्हाताऱ्या बायकांना डोस सांगताना ती अपुरी पडते. 'बा', 'बानी' यांत माझा गोंधळ होतो आणि यूट्यूबवर तर भलतंच ऐकू येतं. नेमकं काय शिकू?

पाटीपेन्सिल: छपऱ्याकडची बोलीच धरा. बनारसचं 'हौ' आणि गोरखपूरचं 'बाटे' तूर्त बाजूला. आधी एवढं पाठ करा: हम बानी (मी आहे), तू बाड़ऽ (तू आहेस), रउआ बानी (आपण आहात, मानाने), ऊ बा (तो/ती आहे). नकाराला नइखे: 'बोखार नइखे' म्हणजे ताप नाही. लिहिताना 'ऊ जात बा', पण कानावर 'ऊ जाता' पडतं. त्याला हिंदीतलं 'जाता है' समजू नका. अर्थ 'तो जातोय' असा आहे.

भूतकाळातला ल ओळखीचा वाटेल: गेला, गइल. फसगत तिथेच होते. आपण 'त्याने पोळी खाल्ली, भात खाल्ला' म्हणतो. भोजपुरीत 'ने' नाही आणि क्रियापद कर्त्यामागे जातं: ऊ रोटी खइलस, ऊ भात खइलस. अकर्मकाला तो स लागत नाही, म्हणून नुसतं 'ऊ गइल'.

ओसरी: आजींशी बोलायचंय तर मानाचं रूप सगळ्यात आधी. देख, देखऽ, देखीं अशा तीन पायऱ्या आहेत. ऽ म्हणजे शेवटचा अ स्पष्ट उच्चारायचा; तो गिळलात की बरोबरीच्या माणसाला अरे-तुरे होतं. आजींना रउआ आणि ईं: बइठीं, बताईं, खाईं. आपण आपल्या आजीला 'तू' म्हणतो, ती सवय इथे नको.

डोस असा सांगा: 'एगो गोली सबेरे, एगो साँझ के, खाना खइला के बाद खाईं.' मोजायच्या वस्तूला गो, खेपेला बेर: दूगो गोली, दिन में दू बेर. 'दूगो बेर' म्हणत नाहीत.

निळीशाई: हे लगेच कामाचं आहे. पण एकच शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळा लिहिलेला का दिसतो?

पाटीपेन्सिल: लेखन एका साच्यात बसलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत पाच कोटींवर लोकांनी भोजपुरी मातृभाषा नोंदवली, पण आकडा हिंदीत धरला गेला. मैथिली २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, आली, भोजपुरी अजून बाहेरच, हे खटकतंच. त्यामुळे 'जात बानी', 'जा तानी', 'जातानी' तिन्ही भेटतील. कानावर भरवसा ठेवा.

ओसरी: एक राहिलं. 'काल्ह' हिंदीतल्या 'कल'सारखंच काल आणि उद्या दोन्हींना चालतं, म्हणून क्रियापद नीट ऐका. 'काल्ह खइनी' म्हणाल्या तर गोळी घेऊन झालीय, 'काल्ह खाइब' म्हणाल्या तर अजून घ्यायचीय.