मायक्रोवेव्हवर सारखा सेन्सरचा एरर येतोय, नेमकं काय तपासावं?

नमस्कार मंडळी,

घरचा मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शनवाला आहे, वॉरंटी कधीच संपली. हल्ली कन्व्हेक्शनवर लावला की प्रीहीट सुरू होतं, थोडा वेळ सगळं सुरळीत, आणि मग बीप-बीप करून बंद. पडद्यावर एक कोड येतो. माहितीपुस्तिकेत त्या कोडपुढे 'तापमान सेन्सरमध्ये बिघाड, सेवा केंद्राशी संपर्क साधा' एवढंच आहे. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर पाणी नेहमीसारखं तापतं, ग्रिलही चालतो.

प्लग काढून रात्रभर ठेवून पाहिला. सकाळी एकदा नीट चालला, मग पुन्हा तेच रडगाणं. आतून स्वच्छ पुसला, काही फरक नाही. सेवा केंद्राला फोन केला तर मशीन न बघताच "बोर्ड बदलावा लागेल" म्हणाले. एरर सेन्सरचा आणि बदलायचा बोर्ड, हे गणित मला कळलेलं नाही.

हा सेन्सर असतो कुठे? दोष सेन्सरचा की बोर्डाचा, हे ओळखता येतं का? मल्टिमीटर आहे आणि वापरता येतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारयंत्री:
आधी एक सांगतो, मग बाकीचं. मल्टिमीटर आहे म्हणून वरचं कव्हर उघडायला जाऊ नका. आत हाय व्होल्टेज कपॅसिटर असतो, त्यावर २००० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असतो. प्लग काढला तरी चार्ज लगेच जाईलच असं नाही. तो उतरवायला बऱ्याचदा कपॅसिटरच्या आतच एक रेझिस्टर बसवलेला असतो, पण तो उडाला असेल तर बाहेरून कळायला मार्ग नाही. टीव्ही, मिक्सर उघडणारे हातही इथे फसतात. कपॅसिटर सुरक्षितपणे डिस्चार्ज करायची सवय नसेल तर उघडायचं काम तंत्रज्ञाचं.

फावला_वेळ:
एवढं कशाला? थर्मिस्टरच्या (म्हणजे त्या तापमान सेन्सरच्या) दोन वायरींमध्ये तेवढ्याच रोधाचा साधा रेझिस्टर लावून टाका, एरर गायब. मी टोस्टर ओव्हनला केलं होतं.

तारयंत्री:
@फावला_वेळ, कृपया असले सल्ले देऊ नका. मग बोर्डाला कायम एकच तापमान दिसत राहणार आणि हीटर बंद करायची वेळ त्याला कळणारच नाही. शेवटी भिस्त फक्त थर्मल कटआउटवर, म्हणजे अति तापल्यावर वीज तोडणाऱ्या स्विचवर. आग लागायचा धोका आहे.

सर्किटवाली:
कोडमध्ये 'सेन्सर' लिहिलंय म्हणजे सेन्सरच गेला, असं नसतं. बोर्डाला सेन्सरच्या बाजूने पटण्यासारखं रीडिंग मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोष सेन्सरमध्ये असेल, वायरीत, कनेक्टरमध्ये किंवा खुद्द बोर्डात.

तुमच्या मशीनमधला सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर. आतल्या पोकळीच्या भिंतीला किंवा छताला, गरम हवेच्या वाटेत बसवलेला छोटासा भाग, दोन वायरी निघून बोर्डाला जातात. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो आणि त्यावरून बोर्ड आतली उष्णता ताडतो. वायर तुटली तर रोध अनंत दिसतो, शॉर्ट झाली तर शून्याजवळ. दोन्ही वेळा बोर्ड एरर देणार.

आता एरर कधी येतो ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं. प्लग लावल्या लावल्या आला तर सरळ सरळ तुटलेली वायर, शॉर्ट किंवा बोर्ड. तुमचा येतो तापल्यावर, आणि रात्रभर थंड राहिला की एकदा चालतो. म्हणजे थंड असताना जोडलेलं काहीतरी गरम झाल्यावर सुटतंय: सैल क्रिंप (वायरीवर दाबून बसवलेलं टर्मिनल), काळवंडलेली पिन, तडकलेला सोल्डर, किंवा आतून चीर गेलेला थर्मिस्टर. माझा पहिला संशय कनेक्टरवर.

दुसरीही एक शक्यता. काही बोर्ड ठरावीक वेळात तापमान चढलं नाही तरी हाच कोड दाखवतात. तेव्हा कन्व्हेक्शन हीटर किंवा मागचा पंखा बंद पडला असला तरी बदनाम सेन्सर होतो. कव्हर न उघडता तपासता येईल: कन्व्हेक्शन लावून मागच्या पंख्याचा आवाज येतो का ऐका, आणि एरर आल्यावर दार उघडून (आत हात न घालता) गरम हवा अंगावर येते का बघा.

झोपाळू_ससा:
बाहेरच्या जाळ्याही बघा. मागे भिंतीला चिकटवून ठेवला असेल किंवा जाळीत धूळ भरली असेल तर मशीन उगाच तापतं. आणि झुरळं! बोर्डाच्या उबेला जाऊन बसतात. आमच्याकडे आलेल्या तंत्रज्ञाने कव्हर काढलं आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर.

(धागाकर्ता):
पंख्याचा आवाज येतो, हवा चांगली कढत आहे. मागे मोकळी जागा आहे, जाळीत धूळ नाही. म्हणजे कनेक्टर किंवा सेन्सर? तंत्रज्ञ बोलावतो, पण त्याला नेमकं काय करायला सांगू? नाहीतर तोही बोर्डावरच जाईल.

सर्किटवाली:
असं सांगा: कपॅसिटर डिस्चार्ज केल्यावर थर्मिस्टरचा दोन पिनांचा कनेक्टर बोर्डाकडून काढून तिथेच रोध मोजा. खोलीच्या तापमानाला किती हवा हे मॉडेलवर अवलंबून, काहींचा १० किलोओहम असतो, काहींचा १००च्या वर, म्हणून आकडा सर्व्हिस मॅन्युअलशीच ताडायचा. मग हेअर ड्रायरने थर्मिस्टर गरम करत काटा बघायचा. रोध सलग, गुळगुळीत उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा अनंतावर गेला तर दोष सापडला. ड्रायर चालू असताना वायर हलकेच हलवूनही बघायची. हे सगळं ठीक निघालं, तरच बोर्डावर बोट ठेवायचं. थर्मिस्टर बदलायचा झाला तर त्याच पार्ट नंबरचा, 'दिसायला सारखा' चालणार नाही.

आणि कव्हरचे सगळे स्क्रू परत लावून घ्या. अर्थिंगची वायरही.

नुसतीच_वाचते:
धागा हायजॅक करते आहे, माफ करा. माझाही 'सेन्सर' एररच, पण फक्त ऑटो कुकवर. मॅन्युअल वेळ लावली की सगळं नीट. तेच दुखणं का?

सर्किटवाली:
नाही, तुमचा बहुधा आर्द्रतेचा सेन्सर. पदार्थातून वाफ निघाली की तो ओळखतो आणि उरलेली वेळ ठरवतो. वाफ दिसायच्या आधी दार उघडलं, किंवा भांडं उघडंच ठेवल्याने वाफ हळूहळू निसटत राहिली, तर त्याचं गणित चुकतं. भांड्याची बाहेरची बाजू आणि काचेची थाळी कोरडी पुसा, नाहीतर त्यावरच्या पाण्याची वाफ त्याला पदार्थाची वाटते. आधीच्या वापराची वाफही दार उघडं ठेवून जाऊ द्या. एवढं करूनही आला तर मग तंत्रज्ञ.

(धागाकर्ता):
अपडेट: दुसरा तंत्रज्ञ येऊन गेला. वर लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं, हसला, पण केलं तसंच. थर्मिस्टर थंड असताना बरोबर, ड्रायर लावल्यावरही छान उतरत होता. वायर हलवली आणि मीटर थेट अनंतावर! बोर्डाजवळच्या कनेक्टरमधली एक पिन काळी पडून सैल झाली होती. टर्मिनल नवीन क्रिंप करून दिलं. बोर्ड जुनाच. त्यानंतर कन्व्हेक्शनवर पूर्ण वेळ चालवला, एरर नाही.

तो म्हणाला, पिन काळी पडली तर समोरचं, म्हणजे बोर्डावरचं टर्मिनलही कमजोर झालेलं असू शकतं. ते आत्ताच बदलून घ्यावं की पुन्हा एरर आला तरच?

सर्किटवाली:
पकड घट्ट असेल आणि बोर्डावरची पिन चकचकीत असेल तर आत्ता नको. प्लास्टिक वितळलेलं किंवा पिवळं पडलेलं दिसलं असेल तर मात्र लगेच. तंत्रज्ञाला फोन करून तेवढं विचारून घ्या, त्याने बघितलं असेल.