मदत हवी आहे: गाडी फार फिरत नाही, तरी इंजिन ऑइल बदलायचं का?

नमस्कार मंडळी,

बाबांच्या गाडीबद्दल विचारायचं आहे. घरात दोन मतं पडली आहेत आणि मला कुणाचं ऐकावं ते कळत नाहीये.

गाडी २०१६ ची वॅगन आर, पेट्रोल. आई-बाबा चिपळूणला असतात, मी ठाण्याला. बाबा ७१ वर्षांचे आहेत, गाडी अजून तेच चालवतात. पण लांब कुठे जात नाहीत. बाजार, बँक, डॉक्टर, कुणाकडे बारसं नाहीतर बारावं. एका वेळेला तीन, फार तर चार किलोमीटर. मीटरवर सध्या ३१,२४० आहेत.

मागच्या शनिवारी मी तिकडे होते. काचेवर मारायचं पाणी भरायला बॉनेट उघडलं आणि सहज ऑइलचं झाकण फिरवून काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरा चिकट थर होता, पातळ श्रीखंडासारखा. बोटाने निपटला तर बोटाला पाणीही लागलं. माझ्या पोटात गोळाच आला.

मग कागद काढून बसले. दाराच्या आत सर्व्हिसचा स्टिकर आहे, त्यावर पेनने 'पुढील ३७,८६०' लिहिलंय. शेजारचा तारखेचा रकाना कोरा. बिलांवरून कळलं की शेवटचं ऑइल २७,८६० ला बदललं होतं, आणि त्याला आता अडीच वर्षं होऊन गेली.

बाबांचं म्हणणं, "३,३८० किलोमीटरच झालेत, अजून साडेसहा हजार बाकी आहेत. डब्यातलं तेल न वापरता संपतं का?" त्यांचे नेहमीचे मिस्त्रीही तेच म्हणाले, ऑइल मधासारखं स्वच्छ आहे, कशाला खर्च करता. आणि माझा नवरा म्हणतो की पांढरं दिसलं म्हणजे हेड गॅस्केट गेलं, इंजिन उघडावं लागणार.

बाबांना निवृत्तिवेतनातून भागवायचं असतं. उगाच खर्च त्यांच्या गळ्यात मारायचा नाहीये. पण आईला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर हीच गाडी आहे, ती दगा देऊन चालणार नाही. ऑइल किलोमीटरवर बदलायचं की महिन्यांवर? आणि हा पांढरा थर नक्की काय आहे?

प्रतिसाद, पुण्याहून

ताई, इंजिन उघडायची घाई करू नका. आधी मला एवढं बघून सांगा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झाल्यावर ऑइलची पट्टी काढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घालून काढा. पट्टीवरचं ऑइल कसं आहे? दुधाळ की साधं? पातळी दोन खुणांच्या मधे आहे की वरच्या खुणेच्याही वर गेलीय? मग गाडी पूर्ण गार असताना कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीतली पातळी बघा. महिन्याभरात ती उतरलीय का, त्यात तेलाचा तवंग आहे का? रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणीही उघडू नका.

हेड गॅस्केट म्हणजे ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळू न देणारं पॅकिंग. ते गेलं असेल तर कूलंट कमी होत जातं, पट्टीवरचं ऑइलसुद्धा चहात दूध घातल्यासारखं दिसतं, गाडी तापते. फक्त झाकणालाच थर असेल तर बहुतेक वेळा ती दमट हवेतली आणि छोट्या फेऱ्यांची करणी असते.

आणखी एक. बाबा मधल्या दिवसांत गाडी नुसती चालू करून ठेवतात का?

धागाकर्ती

दादा, तुम्ही कसं ओळखलंत? रोज सकाळी पूजा झाली की बाबा गाडी चालू करतात आणि पाच मिनिटं तशीच ठेवतात. "बॅटरी उतरू नये, इंजिन मोकळं राहावं." न चुकता, गेली कित्येक वर्षं.

बाबांना फोनवर सगळं बघायला लावलं. पट्टीवरचं ऑइल सोनेरी-तपकिरी, दुधाळ अजिबात नाही. पण पातळी वरच्या खुणेपेक्षा बोटाच्या पेराएवढी वर आहे. कूलंट दोन खुणांच्या मधे, स्वच्छ, गेल्या वर्षभरात एकदाही भरावं लागलेलं नाही.

प्रतिसाद, पुण्याहून

मग उत्तर मिळालं. बाबांना मायेने सांगा की ती सकाळची पाच मिनिटं आजपासून बंद.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बरीचशी वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते. शिवाय इंजिन गार असताना पेट्रोल जास्त सोडलं जातं, त्यातलंही थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली जातं. इंजिन चांगलं तापलं की हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं, वायू परत इंजिनात ओढले जाऊन जळतात. पण ऑइल तापायला कूलंटपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. पाच मिनिटं उभी गाडी किंवा तीन किलोमीटरचा बाजार, यात ते जेमतेम कोमट होतं. पाणी आत येतं, बाहेर जात नाही. झाकण हा इंजिनाचा त्यातल्या त्यात गार भाग, तिथे वाफ थिजते आणि ऑइलशी घुसळून तुम्ही पाहिलेलं श्रीखंड होतं.

पातळी वर कशी गेली, हेही त्यातच आलं. कुणी ऑइल घातलं नाही, पण पेट्रोल आणि पाणी मिसळलं. ऑइल पातळ होतं, त्यातल्या आम्ल मारणाऱ्या रसायनांची ताकद संपते आणि आतून गंज धरायला सुरुवात होते. बाबांचं बरोबर आहे, डब्यातलं तेल संपत नाही. पण हे तेल डब्यात नाही, रोज पाच मिनिटं पेट्रोल-पाणी खातंय.

रंगावर अजिबात जाऊ नका. डिझेल गाडीत नवं ऑइल काजळीमुळे थोड्याच दिवसांत काळं होतं, तरी ते चांगलं असतं. सीएनजी गाडीत काजळी जवळजवळ धरत नाही, ऑइल जुनं झालं तरी रंगावरून कळत नाही. तुमच्या बाबांचं मधासारखं ऑइलही तसंच फसवं आहे.

तुमच्या गाडीच्या पुस्तकात १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं आहे. 'जे आधी होईल ते' हे चार शब्द स्टिकर लिहिताना गळले. त्याच पुस्तकात कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो. छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते हे त्यात येतं. तो जरूर वाचा.

प्रतिसाद, सिन्नरहून

वरच्या दादांना पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे ट्रॅक्टर आहे. त्याला किलोमीटर कुणी विचारत नाही, तासांचा मीटर असतो. आमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात ऑइलला २५० तास दिलेत. नांगरटीत ते लवकर भरतात, उन्हाळ्यात तीन महिने मीटर हलत नाही.

कारला पण असाच विचार लावून बघा. हायवेला सरासरी ६० ने चाललेल्या गाडीचे १०,००० किलोमीटर म्हणजे १६७ तास. ठाणे-मुंबईच्या गर्दीत सरासरी २० पडते, तेच १०,००० म्हणजे ५०० तास. मीटर सारखाच, इंजिन तिप्पट चाललं. काकांची रोजची पाच मिनिटं धरलीत तर वर्षाला तीस तास होतात, आणि मीटरवर शून्य.

माझा चुलतभाऊ नाशिक-मुंबई भाड्याची गाडी चालवतो. त्याचे दहा हजार अडीच महिन्यांत होतात आणि ऑइल तेवढं टिकतं, कारण इंजिन सकाळी तापलं की रात्रीपर्यंत गार होत नाही. त्याची आणि काकांची तुलना होऊच शकत नाही.

प्रतिसाद, सोलापूरहून

बदलण्याचं सगळे सांगतायत, मी पातळी बघण्याचं सांगतो. माझ्याकडे शंभर सीसीची मोटारसायकल होती. तीन हजार झाले नव्हते, म्हणून मी निवांत होतो. गाडी जुनी, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, सकाळी निळसर धूर यायचा, म्हणजे ऑइल जळत होतं, मी दुर्लक्ष केलं. मोहोळच्या अलीकडे भर दुपारी इंजिन जाम झालं, मागचं चाक घासत गेलं. डबल सीट होतो, नशिबाने मागे ट्रक नव्हता. उघडल्यावर कळलं, ऑइल वाटीभर सुद्धा शिल्लक नव्हतं. बोअर-पिस्टन दोन्ही गेले.

दुचाकीत ऑइल एक लिटरच्या आसपासच मावतं, त्यातलं पाव लिटर जळलं तर फार झालं. दर पंधरा दिवसांनी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन बघा. पुष्कळ गाड्यांत ती दांडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. आटे आवळून बघितलं तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. मी वर्षानुवर्षं आवळूनच बघत होतो.

प्रतिसाद, चिपळूणहून

ताई, गाववाले आहोत म्हणून विचारतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात गाडी पाण्यात होती का? तेव्हा आपल्याकडे कित्येकांनी पाणी ओसरल्यावर घाईने चावी फिरवली आणि इंजिनं घालवली. ज्यांनी चालू न करता टोचन करून नेली, आधी ऑइल-फिल्टर बदलून घेतलं, त्यातल्या बऱ्याच वाचल्या. त्या वेळचं पाणी आज उरणार नाही, पण झाकणाचं रबर, वायरिंगचे जोड तेव्हापासून खराब असू शकतात.

नसेल बुडाली तर ऑइल बदला आणि मग महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट चढून कोयनानगरपर्यंत जाऊन या. काका-काकूंनाही बरं वाटेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, इंजिनात काय होत असेल?

आणि मिस्त्रींना पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातली वाफ आणि वायू बाहेर ओढून घेणारी झडप, बघायला सांगा. तो चिकटला की वाफ आतच कोंडते.

धागाकर्ती

पुरात आमची गाडी वाचली होती, बाबांनी आदल्या रात्रीच उंचावर नेऊन लावली होती.

काल ऑइल बदलून झालं. मी स्वतः उभी राहिले. मिस्त्रींनी आधी गाडी अर्धा तास फिरवून आणली, मग खालचा नट काढला. ऑइल वरून सोनेरी दिसत होतं, पण पडताना पाण्यासारखी धार, आणि ट्रेमध्ये नाक नेलं तर पेट्रोलचा उग्र वास. मिस्त्रींनी दोन बोटांत घासून बघितलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि बाबांना म्हणाले, "काका, ह्यात दम नाय राहिला." बाबांनी पण बोट लावून पाहिलं. त्यानंतर वाद झाला नाही.

फिल्टर नवा, नटाचा वायसर नवा, पीसीव्ही साफ केला. मिस्त्री आधी सुटं २०डब्ल्यू-५०, म्हणजे जाड ऑइल, घालणार होते, "जुन्या गाडीला जाडच बरं" म्हणून. मी पुस्तकात दिलेल्या ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलचा सीलबंद डबा बरोबर नेला होता, तोच घालायला लावला. मजुरीसकट २,१५० रुपये झाले. तीस-चाळीस हजारांच्या भीतीने आठवडाभर नीट झोप नव्हती.

आता दोन शंका. साडेतीन लिटरच्या डब्यात थोडं ऑइल उरलंय, बाबा म्हणतात शेजारच्या मुलाच्या मोटारसायकलमध्ये घालू. चालेल का? आणि जुनं ऑइल बाबांनी कॅनमध्ये भरून आणलंय, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावायला.

प्रतिसाद, पुण्याहून

मोटारसायकलमध्ये अजिबात नको. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो. तिच्यासाठी डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' हा दुचाकीच्या ऑइलचा दर्जा लिहिलेला हवा. गिअर नसलेल्या स्कूटरचं 'एमबी' वेगळं. उरलेलं झाकण घट्ट लावून अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा, कधी पातळी उतरली तर वर घालायला होईल. रिकामा डबा भंगारात देण्याआधी लेबल फाडून त्याला भोक पाडा, नाहीतर त्यात बनावट ऑइल भरून परत बाजारात येतं.

जुन्या ऑइलचं, खांबांना लावायची पद्धत जुनी आहे हे मला माहीत आहे. पण त्यात धातूचा कीस आणि जळकी रसायनं असतात, पावसात ते सगळं मातीत आणि विहिरीत उतरतं. पऱ्याला किंवा गटारात तर थेंबही नको. कॅन मिस्त्रींकडेच परत द्या, ते गोळा करणाऱ्याला देतील.

धागाकर्ती

कॅन परत दिला. बाबा जरा नाराज होते, पण विहिरीचं नाव काढल्यावर ऐकलं.

स्टिकरवरच्या कोऱ्या रकान्यात मी मार्करने पुढची तारीख लिहिली आहे, सहा महिन्यांनंतरची. रोजची पाच मिनिटं बंद. त्याऐवजी दर रविवारी सकाळी आई-बाबा परशुरामाला जातात, घाट चढून, आणि येताना लांबच्या रस्त्याने फिरून येतात. आज झाकण काढून फोटो पाठवायला सांगितला होता. अगदी कडेला नखाएवढा थर आहे, बाकी स्वच्छ. दोन रविवारांनी परत फोटो मागवते आणि इथे टाकते.