पळताना श्वासाकडे लक्ष दिलं की लय का बिघडते?

प्रश्न: गाणी ऐकत पळलं की श्वास आपोआप पावलांशी जुळतो, पण मुद्दाम मोजायला घेतलं, दोन पावलं आत दोन बाहेर, की लगेच धाप लागते आणि पायही अडखळतात. अजून कुणाला होतं का असं?

प्रतिसाद १: होतं की! श्वास मुळात आपोआप चालतो, आपण मध्ये लुडबुड केली की तो उगाच खोल आणि संथ होतो. २००९ च्या एका अभ्यासात सराव असलेल्या धावपटूंना ट्रेडमिलवर पळवलं, वेग तोच, पण लक्ष आजूबाजूला असताना ऑक्सिजन कमी लागला, श्वासाकडे किंवा पायांकडे असताना जास्त.

प्रतिसाद २: हे पळण्याचं झालं हं. वजन उचलताना लक्ष नसेल तर स्क्वॉटमध्ये खाली गेल्यावर नवखा माणूस श्वास कोंडून बसतो ते वर येईपर्यंत. तिथे उठताना सोडायचा हे सुरुवातीला ठरवूनच करावं लागतं.

प्रतिसाद ३: घोडा चौखूर उधळला की एका झेपेला एकच श्वास, माणसाला तशी सक्ती नाही, चार पावलांना एक किंवा तीनाला एक, काहीही चालतं. चढावर आकडा बदलणारच, मोजत बसू नका. फारतर फक्त सोडण्याकडे बघा, घेणं होतं आपोआप.

प्रश्नकर्ता: सोडण्याचं उद्या करून बघतो 👍